मेंदीखालचं बोट

अर्धापूरहून लातूरच्या एसटीत बसलो, तेव्हा अक्कानं खिडकीतून केळीची पिशवी आत दिली. थंडीनं तिची बोटं खडूसारखी पांढरी पडली होती. मागून आई म्हणाली, "हिची बोटं मरून राहिलीत. तुझ्या दवाखान्यात दाखव कवातरी."

दवाखान्यात मी रेकॉर्ड रूममध्ये लागलो होतो. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला कोड द्यायचा, आधी रजिस्टरमध्ये, पुढे कॉम्प्युटरवर. बघता बघता लातूरकर झालो. आईचं बोलणं मनावर घ्यायला पंचवीसेक वर्षं लागली.

माझ्या मुलीच्या लग्नासाठी अक्का आठ दिवस आधी आली. गावी केळी धुण्याच्या हौदात तिचे हात हिवाळाभर भिजत. आल्या दिवशीच तिनं मला करंगळीचं काळं पडलेलं टोक दाखवलं. डॉक्टरांकडे यायला तयार झाली, पण म्हणाली, "काळ्याचं बोलू नको. ठेवून घेतील. पुरण वाटायला काय तू बसणार हायस?" संध्याकाळी तिनं बोटांची टोकं मेंदीत बुडवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना रंगलेली बोटं दिसली. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, त्या आजाराचं नाव त्यांनी लिहिलं: रेनॉड. त्याचे दोन कोड. मांस मेलं नसेल तर शेवटी शून्य, मेलं असेल तर एक. शंका आली की फाइलला चिठ्ठी लावून ती डॉक्टरांकडे परत पाठवायची, हा आमचा नियम. परक्यांच्या फायलींना मी अशा कितीतरी चिठ्ठ्या लावल्या. या फाइलवर शून्य चढवलं. लग्नघरात मला अक्का हवी होती.

लग्न झालं. अक्का गोळ्या घेऊन परत गेली. महिन्यानं आली तेव्हा करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

पुण्या-हैदराबादला गेलेले तुम्ही भाचे-पुतणे अजून म्हणता, अक्कानं दुखणं अंगावर काढलं. तुमच्यासमोर मीही मान डोलावली आहे. ती चूक तिच्या एकटीची नव्हती. न लावलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर होती.

गेल्या महिन्यात अर्धापूरला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती. "मी गप म्हणले, खरं हाय," ती म्हणाली. "पण लिहिणारा तू व्हतास, बापू." मग तीन बोटांनी कप उचलून माझ्यापुढं ठेवला.

लातुरात माझं नाव चांगलं आहे. मला पुरतं ओळखणारं माणूस अर्धापूरला आहे. घर म्हटलं की आता मला तेवढंच कळतं.