धवला झेलणाऱ्या बायका

कशेळीतल्या आगरी घरात लग्न ठरलं, की पहिली सुपारी हौसाबाईच्या दारी यायची. ती धवलारीण. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या ओठांवर. ती ओळ टाकायची आणि शेजारची रंगूबाई ती झेलून पुढची जोडायची. दोन वर्षांपूर्वी रंगूबाई गेली. तेव्हापासून गावातल्या हळदी डीजेवरच होऊ लागल्या.

मग घरचंच लग्न निघालं, नातवाचं, भाविकचं. मुलगा केसरीनाथ डीजे ठरवून मोकळा झाला. हौसाबाईने त्याला बजावलं, की घरच्या मांडवात अर्धामुर्धा धवला चालायचा नाही. पुरा जमला तर म्हणेन, नाहीतर तोंड उघडणार नाही.

नात करिष्मा गोदामात बिलिंगला होती. सुटीच्या दिवशी तिने दार लावलं, पंखा बंद केला आणि धवला रेकॉर्ड करायला आजीसमोर मोबाइल धरला. हौसाबाई दोन ओळी म्हणून अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच गाडी अडली. करिष्माला वाटलं, वय झालं, विसरली.

"इसरले न्हाय गं," हौसाबाई म्हणाली. "तू पंखा बंद केलास तशा बायकाबी बंद केल्यास. झेलनारी न्हाय, त पुढची ओल येल कशी?"

सासरी गेलेल्या गावच्या लेकींचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता. त्यात साड्यांचे फोटो आणि सुप्रभात, याखेरीज फारसं काही नसे. करिष्माने त्या दोन ओळी तिथं टाकल्या. दुपारी रंगूबाईच्या लेकीचा, विनिताचा आवाज आला. मागे कुकरची शिटी आणि पुढे आईची ओळ, आईच्याच चालीत. ती ऐकून संपायच्या आत हौसाबाईच्या तोंडून तिसरी ओळ बाहेर पडली.

मग ग्रुपला उसंत राहिली नाही. कुणी भात शिजवताना, कुणी रिक्षातून झेलू लागली. एकीने आधी हळद, मग मांडव, असा क्रम लावला. हौसाबाईने तिला तिथल्या तिथं ऐकवलं, "तुज्या सासरचा धवला सासरी ठेव, बाय." करिष्माने मात्र दोन्ही क्रम, म्हणणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट, वेगवेगळे जपून ठेवले.

हळदीच्या संध्याकाळी लेकी माहेरी आल्या. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता; करिष्माचा एकटा मेढीला बांधलेला होता. हौसाबाईने ओळ टाकली आणि बायकांच्या घोळक्याने ती एका दमात झेलली. जिथं ती अडायची ती जागा कधी मागे पडली, करिष्मालाही कळलं नाही.

डीजेवाला सगळी जोडणी करून ताटकळला होता. सुरू करू का, त्याने केसरीनाथला विचारलं. केसरीनाथ म्हणाला, "आयेला इचार."

डीजेवाला मांडवात आला. हौसाबाईने ओळ तोडली नाही. गाता गाताच तिने हाताने पंगतीकडे बोट दाखवलं: आधी जेवून घे.