मामीची सही

माझी नणंद बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्याने सुरतेला दुसरं लग्न केलं आणि तिची तान्ही पोर आमच्या भडगावच्या घरी आली. माझा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. मी दोघांनाही पाजलं. पोर मला आई म्हणायला लागली. त्यासाठी कुठे कागद करावा लागतो, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

ती चौथीत असताना तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. जळगावच्या दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन.

"आई ना तुम्ही? इथे सही करा," काउंटरवरची बाई म्हणाली. मी सही केली. तिने आडनाव पाहिलं, ते पोरीच्या आडनावाशी जुळेना.

"मी मामी आहे. पण मीच वाढवलीय तिला."

"मग वडिलांना बोलवा. मामीची सही नाही चालत."

शेजारी माझा नवरा नुसता पुटपुटत होता, "आम्ही तिना कोनीच नही?"

त्याने सुरतेला पोरीच्या बापाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मी नाही संमती देणार. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल." आणि फोन बंद.

शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले. "जीव आधी," म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरला बोलावून ऑपरेशन तातडीचं असल्याचं दोघांनी लिहून दिलं आणि पोरीला आत नेलं. ती वाचली.

टाके काढायला गेलो तेव्हा तिथल्या समाजसेविका ताईंनी समजावलं, "कोर्टातून पालकत्व घ्या. आणि बालकल्याण समितीकडे जा, नातेवाईक सांभाळत असलेल्या मुलांसाठी सरकारची मदत असते." इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

आम्ही अर्ज केला. कोर्टातून बापाला बोलावणं गेलं. तो पोरगी मागेल, हीच मला धास्ती.

तो आला. "माझी हरकत नाही," एवढंच बोलून बाहेर पडला. व्हरांड्यात पोर बाकावर बसून केळं खात होती. तो तिच्या समोरून गेला, तिच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून. ओळखलंच नाही. जिन्यापाशी थांबून त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "पोर कितवीले शे आता?"

नवऱ्याने नुसतं बाकाकडे बोट दाखवलं. तो माणूस क्षणभर तिकडे बघत राहिला आणि भराभर जिना उतरून गेला.

पुढे पालकत्वाचा हुकूम आमच्या नावाने झाला. बापाने पोर मागितली नाही, याचं मला तेव्हाच हायसं वाटायला हवं होतं. पण तो जिना उतरून गेला त्या दिवशी व्हरांड्यात मी भिंत धरून उभी होते, आणि पोर मला विचारत होती, "आई, तुला चक्कर येतेय का?"