मावशीच्या पेशी जेवल्या का?

आमच्या प्रयोगशाळेत मी झाडपाला वाटून अर्क काढतो आणि सगळ्यांची मावशी कॅन्सरच्या पेशी पाळते. पाळते म्हणजे अगदी पोटच्या पोरांसारख्या. उबदार कपाटात काचेच्या बश्या, एक दिवसाआड ताजं खाणं, गर्दी झाली की निम्म्यांचं बिऱ्हाड दुसऱ्या बशीत. त्या धडधाकट असतील तरच माझ्या अर्काने मेल्या असं म्हणता येतं. आपोआप मेल्या तर महिनाभराचं काम पाण्यात. म्हणून अकरा वर्षांत बाईने धड रजा घेतलेली नाही. भाचीच्या लग्नातूनही मला फोन, "जेवल्या का रे?" मी जेवलो का, हे आजवर विचारलेलं नाही.

आणि अशा बाईच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला कॅन्सर व्हावा! गाठ वेळेत सापडली होती, लगेच औषध सुरू करू म्हणून डॉक्टर मागे लागले होते. पण अक्का हटून बसली. तिला कुणीतरी काढा दिला होता. बाटली घेऊन ती थेट आमच्याकडे हजर.

"पाल्याच्या रसानेच मरतात ना तुमच्याकडे? मग हा घाल. मेल्या, तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

मावशीचा चेहरा उतरला. कारण बशीत त्या कशानेही मरतात. मी हळूच म्हणालो, "मावशी, नाही मेल्या म्हणून सांग."

"गप रे! मी पेशींशीसुद्धा कधी खोटं बोलले नाही," ती खेकसली.

तिने एका बशीत काढा घातला, दुसरीत अक्काच्याच थर्मासमधला चहा, तिसरीत भांड्यांचा साबण. तसंच शेजारी निरोगी पेशींच्या तीन बश्यांत. दोन दिवसांनी अक्का चष्मा सावरत मायक्रोस्कोपवर वाकली.

"मेल्या!"

"मेल्या. आता चहाची बघ."

"अगं बाई, याही?"

"साबणाने तर सगळ्यात आधी. आणि ह्या निरोगी. यांचाही निकाल लागलाय."

अक्काने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. मग म्हणाली, "दवाखान्यातलं औषध तरी काय वेगळं?"

"तेही निरोगी पेशींना अगदी सोडत नाही. पण किती द्यायचं, माणूस कितीला तग धरतो, हे हजारो माणसांवर बघितलंय. या काढ्याचं कुणीच बघितलेलं नाही." मावशीने बाटली तिच्यापुढे सरकवली. "तुझ्यावर बघू का गं?"

अक्काने बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "बरं. पण दर मंगळवारी औषध चढवतील तेव्हा तू माझ्याजवळ बसायचंस. तुझ्या त्या कारट्यांना कोण सांभाळेल, तुझं तू बघ."

म्हणून इतकी वर्षं ज्याच्या जिवावर उठलो, त्या कॅन्सरला आता दर मंगळवारी मीच भरवतो. पहिल्या दिवशी तर प्रत्येक बशी दोनदा तपासली. एखादी दगावली असती तर मावशीने मला दारात उभं केलं नसतं. दुपारी फोन वाजला तेव्हा उत्तर अगदी तोंडावर होतं, जेवल्या, सगळ्या जेवल्या.

"जेवली रे," पलीकडून मावशीच म्हणाली. "उलटी नाही झाली. दोन घास जेवली." आणि फोन ठेवलासुद्धा.