पालकसभेतली लाल झाकणं

अगोदर कबूल करा, हसाचं नाही. मंगच सांगते. अन् तो चहा खाली ठेवा, नाही तं मांडीवर सांडन.

धाडजवळच्या एका खेड्यात मी चौथीले शिकवते. वर्गात पल्लवी आहे. पोरगी लय गुणाची, पण वाचन असो का गणित, तिले समजाले वेळ लागते. "समजलं का?" म्हटलं की सारे पोट्टे "हाव" म्हणतात, अन् पल्लवी सगळ्यात जोरात! म्हणून मी बाटल्यांची झाकणं लाल रंगवून डब्यात ठेवली. ज्याले समजलं नाही त्यानं गुपचूप झाकण बाकावर ठेवाचं. मंग मी थांबते अन् सोप्पं करून सांगते. या अकलेवर मी स्वतःच किती खूश होती, विचारू नका.

एक दिवस पल्लवीची आई संगीताबाई म्हणे, हिच्या डोक्यात काई शिरत नाही, आता शाळा बंद. दुसरबीडले मावशीकडं पाठवते, तिचं लेकरू सांभाळन. मी म्हटलं, पालकसभेले या, मंग ठरवा.

सभेत आयांले पोट्ट्यांच्या बाकावर बसवलं, पल्लवीले म्हटलं पाहुण्यांचं पाह्य. अन् झाली मी सुरू! आकलन, क्षमता, अध्ययन निष्पत्ती... प्रशिक्षणातलं सारं ओतलं. संगीताबाईले पटवाचं होतं ना!

पाह्यते तं एका बाईच्या पुढं लाल झाकण. आता तुम्ही म्हणसान, मॅडम, झाकण तं तुमचंच! हाव, माहंच. पण ते पोट्ट्यांसाठी होतं, मोठ्याइले कायले लागन? मले वाटलं, उन्हातून आल्या, पाणी मागून राह्यल्या. पाणी वाटलं. झाकणं वाढली. चहा मागवला. आणखी वाढली. मंग वाटलं आवाज पोचत नसन, म्हणून तेच सारं मी वरडून सांगितलं. आता संगीताबाईपुढंही झाकण!

पल्लवी डबा घेऊन जवळ आली.

"मॅडम, त्याइले पाणी नको. त्याइले समजून नाही राह्यलं. मीच देल्ली झाकणं. तुमी थांबा अन् सोप्पं करून सांगा."

साऱ्या आया खो खो हसल्या. संगीताबाई तेवढी हसली नाही, लेकीकडं पाह्यतच राह्यली.

"इतकं समजते हिले?" ती म्हणे. "राहू द्या मंग शाळेतच."

काय आनंद झाला सांगू! त्या आनंदात मी पुन्हा उभी राह्यली, म्हटलं, "तर पालकहो, यालाच समावेशक शिक्षणाची संकल्पना..."

पल्लवीनं उरलेला अख्खा डबा माह्याच टेबलावर आणून ठेवला.