उठून उभं राहायची सवय

बारामतीत माझ्या माहेरी संडासाला संडास म्हणत. तो चाळीच्या टोकाला होता. सकाळी रांग लागायची आणि आतल्या माणसाला बाहेरून नावाने हाका जायच्या. यात लाजण्यासारखं काही आहे, हे मला लग्न होऊन इंदापूर तालुक्यात कळसला आल्यावर कळलं. तिथे या गोष्टीला धड शब्दच नव्हता. अंधार पडला की जाऊबाई दारात येऊन नुसतं "चला" म्हणायच्या. म्हातारी माणसं "परसाकडं" म्हणत, पण परस म्हणजे घरामागची जागा, आणि आमच्या घरामागे दुसऱ्याचं घर होतं. आम्ही जायचो ते रस्त्याच्या कडेला.

तिथे बसायची एक रीत होती. गाडीचा उजेड दिसला की सगळ्या बायका उठून उभ्या राहायच्या. गाडी गेली की बसायच्या. पुन्हा उजेड, पुन्हा उभ्या. साखर कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर थांबायचेच नाहीत, मग अर्ध्या बायका तशाच घरी परतायच्या. हे कुणी शिकवत नाही. थोड्याच दिवसांत मीही न सांगता उभी राहायला लागले.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. एका पहाटे ट्रॅक्टर बघून त्या घाईने उठल्या, ढेकळावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

बारामतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथली नर्स सकाळी विचारायची, "आजी, बाथरूम झाली का?" शब्द नवा होता, पण विचारणं कळत होतं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करायच्या आणि उत्तर मी द्यायचे. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, पाणी भरपूर पाजा आणि पुन्हा पडू देऊ नका. आता पडल्या तर उठणार नाहीत. एवढंच काम माझ्याकडे होतं.

घरात सोय होती. अनुदानातून अंगणात बांधलेल्या खोलीच्या दारावर रंगाने "शौचालय" लिहिलं होतं, आणि तो शब्द घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. नवरा लॅट्रिन म्हणायचा, शाळेत जाणारी मुलगी टॉयलेट म्हणायची, आणि आत पेंडीची पोती होती. मी पोती बाहेर काढली. सुताराकडून एका लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं आणि ती आत मांडली.

जायलाच लागू नये म्हणून आत्याबाईंनी पाणी पिणं सोडलं. चहा घोटभर, भाकरी चतकोर. जीभ कोरडी पडलेली दिसत होती आणि त्या म्हणायच्या, "तहान न्हाय."

"आत्याबाई, संडास दारात आहे. जायला काय हरकत?"

"दारात हाय म्हणूनच. समूर तुजं चुलतसासरं बसल्यात. दार लावलं की समद्यांना कळतंय म्हातारी आत काय करतीया."

"आणि रस्त्यावर कळत नव्हतं?"

"तितं अंधार हुता. आन् आमी समद्या हुतो."

तिथेच बसलेल्या जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "जावा की. आमाला रानात धाडून तुमी खुर्चीवर बसा, मामलेदारीणबाई." आत्याबाई हसल्या. हसल्यामुळे असो की तहानेमुळे, दुसऱ्या दिवशी त्या तयार झाल्या. अट एकच, आतून कडी लावणार. मी नको म्हटलं. "मग न्हाय जात." मी कडी लावू दिली. दुसरा उपाय नव्हता.

काही दिवस बरे गेले. त्या पाणी पिऊ लागल्या. एकदा तर "माज्या खोलीत नेतीस का?" म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या.

त्या दुपारी मी बादली घेऊन दाराबाहेर उभी होते. आमचाच कडबा घेऊन ट्रॅक्टर अंगणात वळला. आत खुर्ची सरकली. "आत्याबाई, बसून राहा, दार बंद आहे," मी म्हणाले, पण तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या. मग पडल्याचा आवाज आला.

मी खांदा लावला. पत्र्याचं दार हललं नाही.

"कडी काढा."

"हात पुरंना."

ज्यांच्या लाजेपायी हे सगळं चाललं होतं, त्या चुलतसासऱ्यांनी आणि ट्रॅक्टरवाल्याने पहार घालून दार उचकटलं. मी त्यांना थांबवून आधी आत शिरले, लुगडं खाली ओढलं, मग त्यांना बोलावलं. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

"उठलात कशाला?" मी विचारलं.

"गाडी आली नव्हं."

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मग बाजेवरच भांडं द्यावं लागलं. दवाखान्यात त्याला बेडपॅन म्हणत, मी भांडं म्हणायचे, आत्याबाई काहीच म्हणत नव्हत्या. गरज लागली की माझ्याकडे बघायच्या, आणि ती लागू नये म्हणून पाण्याचा चमचा ओठाला लावला की तोंड मिटून घ्यायच्या. मी बाज रस्त्याकडच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली. आवाज तिथेही पोचायचा. लांबून ट्रॅक्टर ऐकू आला की त्या कोपर टेकून उठायला बघायच्या.

"आपण घरात आहोत," मी खांद्यावर हात ठेवून सांगायचे.

"व्हय," त्या म्हणायच्या, आणि पुढच्या ट्रॅक्टरला पुन्हा कोपर टेकायच्या.