तटवाले भाऊजी

माझे धाकटे दीर रोज संध्याकाळी किल्ल्याच्या तटाशी फुटबॉल खेळत. एकटेच. परंड्याचा खंदक एका अंगाला कोरडा असे. तिथं उतरून ते अनवाणी पायानं तटावर बॉल मारत आणि परत आला की पुन्हा मारत. निजामाच्या काळात शाळेवर हैदराबादेहून आलेल्या ड्रिल मास्तरांनी त्यांना हा नाद लावला होता. राज्य गेलं, मास्तर गेले, नाद राहिला. गाव त्यांना तटवाले म्हणे.

आमचं घर किल्ल्याला लागूनच. जळकोटहून मी सून म्हणून आले, चुलीवर माझा हात बसला, त्या दिवसांतलं एकच स्पष्ट आठवतं. मी भाकरी थापतेय आणि तिकडून आवाज येतोय. धप्प. मग काही नाही. पुन्हा धप्प. माझा हातही त्याच तालावर पडे. तिन्हीसांजेच्या धुरात वाटायचं, तटापलीकडंही कुणीतरी भाकरी थापतंय. आवाज थांबला की मी शेवटची भाकरी तव्यावर टाकी. भाऊजी हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असे. घड्याळाचं काम त्या बॉलवर भागे.

जेवताना ते हैदराबादेच्या टीमांबद्दल बोलत आणि आमटी गार होई. "वहिनी, तिथं हिरवळीवर खेळतात. बॉल पडला तरी आवाज येत न्हाय." मी हिरवळ कुठं पाहिली होती? माझ्या डोळ्यांपुढं हरभऱ्याचं रान यायचं आणि त्यातून भाऊजी बिनआवाजाचे पळत जायचे.

पुढं मुलूख वेगळे झाले. आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्रात गेलं. सासरे म्हणाले, आता तिकडं खेळायला तुला कोण विचारणार?

"बॉलला कुठं मुलूख असतो, आबा," भाऊजी म्हणाले. मी दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली. ते कुर्डुवाडीची मोटार धरून गेले.

हैदराबादेत परंडा कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो म्हणाला, ते गाव आता मुंबईकडं गेलं, तूही तिकडंच जा. भाऊजी मुंबईला गेले. तिथं बोलण्यातली उर्दू ऐकून लोकांनी त्यांना निजामवाला ठरवलं. तरी ते मैदानाच्या कडेला हट्टानं उभे राहिले, तेव्हा एका गिरणीच्या टीमनं एकदा खेळवून पाहिलं.

परत आले ते मुके होऊन. तटही मुका. माझ्या भाकरी करपू लागल्या. एका संध्याकाळी उंबऱ्यावर बसून त्यांनी आपणहून सांगितलं. टीममधले सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते, बॉल आपसातच फिरवत होते. भाऊजी मोकळ्या जागी धावून धावून दमले. शेवटी एकदा बॉल पायाशी आला. तो त्यांनी शेजारच्याला जोरात दिला आणि सवयीनं पुढं पळाले, परत येईल म्हणून.

"आला न्हाय. मी लई पुढं गेलो, वहिनी. एकटाच. भिंतीनं मला कधी असं केलं नव्हतं."

मी म्हटलं, या घरात माझंही तेच झालं होतं. सासूबाई आणि वन्सं सगळं दोघींत उरकायच्या, मी हात मांडीवर घेऊन बसायची.

"मग तुमाला बॉल कवा मिळाला?"

"वन्सं तापानं पडल्या तेव्हा."

परत आल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

थोड्या दिवसांनी तटाकडून पुन्हा आवाज आला, पण ताल मोडलेला, मध्ये पोरांचा कालवा. भाऊजींनी गल्लीतली पोरं जमवली होती. त्यांचा नियम एकच. नवा गडी आला की पहिला बॉल त्याला. त्याला तर खेळताच येत नाही, अशी पोरं कुरकुरत. "म्हणून तर," भाऊजी म्हणत. पुढं ते माकणीच्या शाळेत ड्रिल मास्तर म्हणून गेले. तिथंच रमले आणि तिथंच वारले. हिरवळीवर पुन्हा कधी खेळले नाहीत.

यंदा माझ्या घरी सून आली. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लेकी तिला म्हणाल्या, तू बस, पाहुणीच आहेस अजून. ती भिंतीशी टेकून बसली, हात मांडीवर. मी उठले, पिठाची परात तिच्यापुढं सरकवली आणि चुलीपाशी तिला जागा करून दिली. ती बिचकत पहिली भाकरी थापू लागली.

मी किल्ल्याकडची खिडकी उघडून ठेवली.