बुडबुड्यातली खिडकी

ती घटना विसरावी असं अनेकदा वाटलं, पण आजही ती जशीच्या तशी आठवते. मुदतीआधी निवृत्ती घेतली, तरी तिने पाठ सोडली नाही.

तेव्हा मी बुऱ्हाणपूरला पोलीस ठाण्याचा प्रभारी, तिकडच्या भाषेत टीआय, होतो. जैनाबादच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी सिंधीपुऱ्यातल्या शिकवणीहून घरी परतली नाही. गुमशुदगी, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, नोंदवली, बसस्थानकावर तिचा फोटो पाठवला. मुलगी पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा मुलाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे ठाण्यात लगेच कुजबुज सुरू झाली.

संध्याकाळी तिचा काका खबर घेऊन आला. शिकवणी घेणारे सर महाराष्ट्रातून कागद कारखान्यात नोकरीला आलेले, एकटे राहणारे. त्यांच्या भिंतीवर एक चित्र होतं. काका आवाज खाली करून म्हणाला, "टीआय साहेब, फोटोत पोर हाय, खोपडीवर कोपर ठेवलेलं. हातात सुरी. अन् वर मोहरा उडून राहिल्या."

पंचनामा करून चित्र जप्त केलं, सरांना ठाण्यात आणलं. चित्र जुनं, विलायती, काळ्या शाईचं. मलाही त्यात मोहराच दिसल्या. कागदावरचे तपकिरी डाग मी रक्ताचे धरले. सर सांगत होते की ते कारखान्याच्या रद्दीत आलेल्या एका फाटक्या पुस्तकातलं आहे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, "साहेब, जीव म्हणजे बुडबुडा. एवढंच सांगितलंय त्यात."

मुलगी बेपत्ता असताना ते वाक्य मला कबुलीसारखं वाटलं. मी हात उचलला. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी पुन्हा मारलं.

सकाळी डाग बघायला अंगुलिमुद्रांचं भिंग घेतलं. रक्त नव्हतं, दमटपणाने कागद खाल्ला होता. भिंग पुढे सरकलं. सगळं चित्र नुसत्या रेघांचं, बोटाच्या ठशासारख्या कुठे जाड होणाऱ्या, कुठे निमुळत्या. कवटीच्या रेघा एका मोहरेच्या आतूनही तशाच पुढे गेल्या होत्या, फक्त विरळ होऊन. आरपार दिसणारी मोहर कुठे असते? तिच्या फुगीर अंगावर एक इवलीशी वाकडी खिडकी उमटली होती. तो साबणाचा फुगा होता. सुरी म्हणजे फुंकायची पोकळ काडी.

शिकवणीच्या पोरांना विचारलं. सगळी म्हणाली, फुगे. मला मोहरा दिसल्या त्या काकाने सांगितल्यावर. मग काकाच्या डोक्यात त्या कुठून आल्या?

त्याला बोलावून एवढंच विचारलं, खोदायचं कुठे ठरलंय? त्याने पाणी मागितलं. माझ्या अनुभवात, निर्दोष माणूस अशा वेळी आधी चिडतो. शेवटी त्यानेच दाखवलेल्या धूलकोटजवळच्या शेतातल्या खोपीत मुलगी सापडली, घाबरलेली पण सुखरूप. अमावस्येला गुप्तधन दाखवायला तिला खड्ड्यापाशी उभं करायचं होतं.

सरांना त्याच दिवशी सोडलं. माफी मागितली ती खोलीत कोणी नसताना. मारलं होतं शिपायांसमोर. संशय घेणं हे आमचं कामच आहे. पण दुसऱ्याने हातात दिलेला संशय आधी त्याच्यावरच तपासून पाहावा, एवढं मी या प्रकरणात शिकलो, आणि ते सरांच्या जिवावर. ठाण्यात नेलेल्या माणसाकडे मग कोणी पोरं पाठवली नाहीत. महिन्याभरात ते खोली सोडून गेले.

पुढे मुलीचे वडील तिला घेऊन शाल-नारळ द्यायला आले. ती कोठडीच्या गजांकडे वाकून पाहत होती.

"सरांना कधी सोडणार? बाबा म्हणतात, ते अजून आत आहेत," तिने विचारलं.

कधीच सोडलंय, असं मी म्हणालो. तिने वडिलांकडे पाहिलं. ते माझ्या खांद्यावरची शाल नीट करत होते.